बॅकअप आहे, पण दुकान किती वाजता उघडेल?

परभणीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, काही आडत दुकानांचे हिशोब मी लिहितो. हिशोबाच्या मागोमाग त्यांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटर हेही आपसूक माझ्या गळ्यात आले. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीनची आवक ऐन भरात असताना माझ्या ऑफिसमधल्या मुख्य मशीनची हार्डडिस्क टिक-टिक करायला लागली आणि अर्ध्या तासात गेली. एका शेठचा फोन आला.

"बॅकअप हाय ना?"

"हाय की. सगळं क्लाउडवर हाय."

"मंग कवा चालू होतंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॅकअप घ्यायचा एवढंच ठाऊक होतं. तो परत यायला किती वेळ लागतो हे कधी मोजलंच नव्हतं. एकूण डेटा १८० जीबी, ऑफिसचं इंटरनेट ४० एमबीपीएसचं. गणिताने दहा तास. प्रत्यक्षात शुक्रवारी सकाळी ११ ला सुरू केलं ते रविवारी संध्याकाळी संपलं. तोवर मुनीम हाताने पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, लिहीत होते. शेतकरी ओट्यावर बसून होते, आणि त्यांना पट्टी त्याच दिवशी हवी असते.

सगळ्यात लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. दुकानं चालू करायला लागत होता फक्त टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, दीड जीबी डेटा. तो आधी उतरवला असता तर पाच-सात मिनिटांत काम भागलं असतं. पण मी सगळं एकदम उतरायला लावलं, आणि टॅलीचं फोल्डर रांगेत शेवटी राहिलं. पुढचे प्रकार करून, चुकून, पुन्हा करून जे हाती आलं ते क्रमाने लिहितो आहे. आडत दुकान असो, कृषी सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ, दवाखाना किंवा कोचिंग क्लास, हिशोब सगळीकडे तोच लागतो.

हाताशी काय ठेवाल

- एक बाहेरची हार्डडिस्क, तुमच्या डेटाच्या निदान दुप्पट मापाची
- क्लाउड सेवेचं खातं, आणि त्याला जोडलेला चालू मोबाईल नंबर
- पैसे भरायचं कार्ड किंवा यूपीआय. बिलावर जीएसटी नंबर टाकून घ्या
- टॅलीचा किंवा तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरचा लायसन नंबर आणि तो ज्या ईमेलवर घेतला त्याचा पासवर्ड
- विंडोज पुन्हा टाकायचा पेनड्राइव्ह
- इन्व्हर्टर, किंवा निदान राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस
- एक साधी वही. हिचं काम शेवटी कळेल.

१. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे आधी पक्कं करा

आपल्याकडे दहातले आठ जण गूगल ड्राइव्हचं किंवा वनड्राइव्हचं अॅप टाकतात आणि निश्चिंत होतात. ते अॅप करतं काय? इथे जे आहे तेच तिथे ठेवतं. इथे फाइल उडाली की तिथेही उडते. व्हायरसने इथल्या फायली कुलूपबंद केल्या की त्या कुलूपबंद फायली इमानदारीने वर चढतात.

गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये उडवलेली फाइल ३० दिवस राहते. एखादी फाइल दिवाळीत उडाली आणि मार्चअखेरीला आठवली, तर खेळ संपला. पीडीएफ, एक्सेल, टॅली अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्यासुद्धा ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच टिकतात.

म्हणून सिंक खुशाल ठेवा, रोजच्या कामाला ते छानच आहे. त्याच्या शेजारी एक खरा बॅकअप हवा, ज्यात तारखेवार प्रती राहतात आणि मूळ फाइल गेली म्हणून प्रत जात नाही. त्यासाठी मी दोन फुकट साधनं वापरून पाहिली, रेस्टिक आणि डुप्लिकाटी. रेस्टिकमध्ये काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप कराव्या लागतात, पण ते वेगवान आणि भरवशाचं आहे. डुप्लिकाटी ब्राउझरमध्ये उघडतं, बटणं दाबून चालतं, नवख्याला सोपं पडतं. त्याची एक खोड पायरी ८ मध्ये सांगतो.

फुकटच्या जागेवर फार विसंबू नका. गूगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. आता अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. गावाकडच्या भावकीच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ तुमच्या जीएसटीच्या फायलींची जागा खातात, ही अतिशयोक्ती नाही.

२. डेटाचे तीन ढीग करा

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो, आणि हीच लोक सगळ्यात घाईत उरकतात.

पहिला ढीग: ज्याच्याशिवाय उद्या सकाळी शटर वर करून उपयोग नाही. माझ्याकडे तो टॅलीतल्या कंपन्यांचा (टॅलीत प्रत्येक दुकानाचा हिशोब म्हणजे एक 'कंपनी'), दीड जीबीचा. दवाखान्यात पेशंटची नोंद, क्लासमध्ये फीचं रजिस्टर. हा ढीग नेहमी लहान निघतो. मोठा निघाला तर तुम्ही स्वतःला फसवता आहात.

दुसरा ढीग: आठवडाभरात लागेल असं. चालू वर्षाची बिलं, बँक स्टेटमेंट, रिटर्नची कागदं. माझा २० जीबी भरला.

तिसरा ढीग: कायद्याने किंवा आठवणीने ठेवायचं, पण घाई नाही असं. जुन्या काटापट्ट्यांचे आणि चलनांचे स्कॅन, स्टुडिओत मागच्या वर्षांच्या लग्नांचे फोटो. माझ्याकडे १५० जीबीच्या वर.

तिन्ही ढीग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि बॅकअपची कामंही तीन वेगळी लावा. एकाच मोठ्या गाठोड्यात बांधलं की गरजेच्या वेळी सोडवत बसावं लागतं. माझे अडीच दिवस तिथेच गेले.

तिसरा ढीग किती वर्षं ठेवायचा? जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. आणि एक गंमत बघा. केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधला नियम ५७ इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप ठेवा असं सांगून थांबत नाही. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी मुदतीत त्या परत आणता आल्या पाहिजेत, असंही तो म्हणतो. कागदावर का होईना, परत आणण्याची अट आहे. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, आणि तोही भारतातल्या सर्व्हरवर, ठेवावा लागतो. याबाबत तुमच्या सीएला विचारा.

३. दोन आकडे ठरवा

शेठला, डॉक्टरला, जो मालक असेल त्याला समोर बसवा आणि दोनच प्रश्न विचारा.

किती वेळचं काम पुन्हा लिहावं लागलं तर चालेल? हंगामात आडत्याचं उत्तर येतं "अर्धा दिवस", उन्हाळ्यात "दोन दिवस चालतंय". यावरून बॅकअप दिवसातून किती वेळा घ्यायचा ते ठरतं.

किती वेळ बंद राहिलेलं चालेल? यावरून प्रत कुठे आणि कशी ठेवायची ते ठरतं. खर्च वाढतो तो या दुसऱ्या आकड्यापायी.

मालक आधी म्हणतो, "एक मिनिटबी नको." मग त्याला एका मिनिटात पुन्हा चालू करायची सोय ठेवायला किती खर्च येतो ते सांगा. आपोआप तो दोन तासांवर येतो.

४. इंटरनेटचा वेग खरा किती, ते मोजा

बारकाईने वाचा, सगळा घोळ इथे आहे. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये, तुमची फाइल असते मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १०० एमबी येत नाहीत, फार तर साडेबारा येतात.

हिशोब असा करा: जीबी गुणिले ८००० भागिले एमबीपीएस. उत्तर सेकंदात येतं.

१०० जीबी उतरवायचे आहेत असं धरा. १०० एमबीपीएसवर ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास. ५० वर साडेचार तास. १० वर ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांच्या वर. हा झाला कागदावरचा वेग. प्रत्यक्षात त्याच्या ७० टक्के मिळाला तरी समाधान माना.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा.

वेग तारेने मोजा, वायफायवर नको. जुन्या राउटरचा वायफाय भिंतीपलीकडे निम्मा होतो आणि शिव्या मात्र इंटरनेटवाल्याला बसतात.

सकाळी ७ ला, दुपारी १२ ला आणि रात्री ९ ला, असा तीन वेळा मोजा. आमच्याकडे रात्री ९ ला अख्खी गल्ली मोबाईलवर असते. तुमचा अपघात नेमका कधी होईल ते सांगता येत नाही, म्हणून तिन्हीतला सगळ्यात कमी आकडा धरा.

वर चढवायचा आणि खाली उतरवायचा वेग वेगवेगळा लिहा. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात. मोबाईल डेटावर चढवायचा वेग फारच कमी मिळतो.

मोबाईल हॉटस्पॉटवर बॅकअप परत आणायचा विचार असेल तर एक आकडा ऐका. रोजचा डेटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने एक जीबी उतरायला जवळपास ३५ तास लागतात. आणि फायबरच्या "अनलिमिटेड" प्लॅनलाही बहुधा महिन्याची मर्यादा असते. ती बारीक अक्षरात लिहिलेली असते, शोधा.

५. बारीक फायलींचा जाच

मग माझे दहा तास अडीच दिवस का झाले? लाईट दोनदा गेली, हे खरं. पण मुख्य कारण वेगळं होतं. माझे स्कॅन होते सुमारे तीन लाख, प्रत्येक अर्ध्या एमबीचा. प्रत्येक फाइलमागे कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्यात विचारपूस होते: आहेस का, कोण तू, घे, मिळाली का, बंद कर. ही विचारपूस फाइल लहान म्हणून लहान होत नाही. त्यातून गूगल ड्राइव्हसारख्या सेवा बाहेरच्या साधनांना सेकंदाला दोन-तीन फायलींच्या पुढे फारसं जाऊ देत नाहीत. तीन लाख भागिले दोन, म्हणजे दीड लाख सेकंद. बेचाळीस तास इथेच गेले. लाइन ४० एमबीपीएसची असो की ४०० ची, फरक पडला नसता.

मोंढ्यातल्या माणसाला हे चटकन कळतं. शंभर क्विंटल माल पोत्यात असेल तर हमाल तासाभरात ट्रक भरतात. तोच माल सुपाने भरायचा म्हटलं तर?

उपाय म्हणजे पोती भरणं. ज्या वर्षाचं काम संपलं त्याचे स्कॅन महिन्यावार झिप करून ठेवा, एक झिप दोन-तीन जीबीच्या आत. किंवा रेस्टिक, डुप्लिकाटी यांसारखं साधन वापरा, ती बारीक फायलींचे तुकडे आपणच मोठ्या गठ्ठ्यात बांधतात आणि एकच गोष्ट दोनदा ठेवत नाहीत.

गूगल ड्राइव्हवर आधीच असलेल्या फायली आणायच्या असतील तर ब्राउझरमधून मोठं फोल्डर डाउनलोड करू नका. ते आधी झिप करत बसतं, दोन-दोन जीबीचे तुकडे पाडतं, आणि मधला एखादा तुकडा राहून गेला तर चटकन कळतही नाही. आरक्लोन नावाचं फुकट साधन आहे, त्याने आणा. तुटलं तरी पुन्हा चालवलं की राहिलेल्या फायलीच आणतं, आणि शेवटी दोन्हीकडचं जुळतं का तेही तपासून देतं. आरक्लोनमध्ये गूगलसाठी स्वतःची क्लायंट आयडी (गूगलला त्या साधनाची ओळख पटवणारा क्रमांक) तयार करून घाला. सगळ्या जगाची सामायिक आयडी वापरली तर रांगेत उभं राहावं लागतं.

६. सेवा निवडताना स्वस्ताईला भुलू नका

क्लाउडमध्ये गरम आणि थंड असे साठ्याचे प्रकार असतात. गरम म्हणजे मागितलं की मिळतं. थंड म्हणजे कोल्ड स्टोरेज. माल ठेवायला स्वस्त, पण काढायला आधी निरोप द्यावा लागतो.

अमेझॉनचा ग्लेशियर डीप आर्काइव्ह हा प्रकार दिसायला फारच स्वस्त. पण त्यातून फाइल मागितली की साध्या मागणीला १२ तासांपर्यंत आणि स्वस्तातल्या मागणीला ४८ तासांपर्यंत थांबावं लागतं. मग कुठे डाउनलोड सुरू. शिवाय १८० दिवसांच्या आत काढून टाकलं तरी १८० दिवसांचं भाडं लागतंच. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरच्या आर्काइव्ह प्रकारातही फाइल जागी व्हायला १५ तासांपर्यंत लागू शकतात. तिसऱ्या ढिगाला हे ठीक. पहिला ढीग चुकूनही इथे ठेवू नका.

दुसरा खर्च बाहेर काढण्याचा. ठेवायला पैसे कमी, न्यायला जास्त, असा मामला. अमेझॉनवर महिन्याला पहिले १०० जीबी बाहेर काढणं फुकट आहे, पुढे प्रत्येक जीबीला डॉलरमध्ये पैसे. बॅकब्लेझ बी-टूवर तुमच्या सरासरी साठ्याच्या तिप्पट इतकं महिन्याला फुकट काढता येतं. खातं उघडण्याआधी "सगळं परत न्यायला किती लागतील" हा आकडा काढून वहीत लिहा.

तिसरं म्हणजे सर्व्हर कुठला. खातं उघडताना बऱ्याच सेवा आपसूक अमेरिकेतला प्रदेश पुढे करतात. अमेझॉनचे प्रदेश मुंबईला २०१६ पासून आणि हैदराबादला २०२२ पासून आहेत, अझ्युअरचा पुण्यात आहे, गूगल क्लाउडचा मुंबईत. नांदेड, लातूर, परभणी इथून हैदराबाद आणि मुंबई दोन्ही शेजारच्याच. जवळच्या सर्व्हरशी होणारी विचारपूस भराभर उरकते, आणि पायरी ५ वाचली असेल तर विचारपुशीचं मोल तुम्हाला कळलं आहे.

७. पहिली चढवणूक रात्री करा

पहिल्यांदा सगळा डेटा चढायला दिवस लागतात. नंतर रोज फक्त बदललेलं चढतं, ते मिनिटांत होतं. या पहिल्या वेळी बरेच जण कंटाळतात आणि अर्ध्यात सोडतात.

पहिला ढीग आधी चढवा. मग दुसरा. तिसरा आठ-दहा रात्रींत हळूहळू. दिवसा इंटरनेट अडकू नये म्हणून वेगाला लगाम घाला. आरक्लोनला तर वेळापत्रकच देता येतं, सकाळी ८ पासून हळू आणि रात्री ७ नंतर मोकळं.

कॉम्प्युटर झोपणार नाही अशी सेटिंग करा. माझी एक अख्खी रात्र यात गेली. सकाळी बघतो तर मशीन अर्ध्या तासात झोपलेलं, आणि मी घरी ते जागं असल्याची खात्री बाळगून झोपलेलो.

लाईट जाणारच. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो, पण भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर बरेचदा साध्या प्लगवर. दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. रेस्टिक किंवा आरक्लोन मध्येच तुटलं तरी पुन्हा चालवल्यावर चढलेलं वाया जात नाही. ब्राउझरमधून चढवत असाल तर जातं.

टॅलीवाल्यांसाठी: कंपनी उघडी असताना तिचं फोल्डर कॉपी करू नका. अर्धवट लिहिलेला डेटा वर जातो आणि परत आल्यावर उघडत नाही. टॅलीप्राइममध्ये अल्ट आणि वाय दाबून डेटा, त्यात बॅकअप, असं करा. तयार झालेली बॅकअप फाइल क्लाउडवर पाठवा. दुपारी जेवायच्या सुट्टीत एकदा आणि संध्याकाळी सौदे संपल्यावर एकदा, अशी सवय मुनीमजींना लावा.

८. रंगीत तालीम

नाटकाची तालीम केल्याशिवाय कोणी पडदा उघडत नाही. बॅकअपचं मात्र सगळं थेट प्रयोगालाच. तीन महिन्यांतून एकदा, एखाद्या अमावास्येला बाजार बंद असतो तेव्हा, हे करा.

दुसरा कॉम्प्युटर घ्या. जुना चालेल, कोणाकडून मागून आणला तरी चालेल. मुख्य मशीनला हात लावायचा नाही, ते जळालं असं समजायचं. मोबाईलवर घड्याळ लावा. आणि आता पहिला ढीग परत आणा, इतका की टॅली उघडून कालची शेवटची पट्टी छापता आली पाहिजे. फाइल उतरली म्हणजे झालं असं नव्हे. पट्टी छापली की घड्याळ थांबवायचं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा डेटा काही मिनिटांत आला आणि पट्टी छापायला दोन तास लागले. वेळ कुठे गेला ते सांगतो, तुमचाही तिथेच जाईल.

क्लाउडमध्ये लॉगिन करताना ओटीपी आला एका जुन्या नंबरवर. ते सिम मी रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलं होतं. आता गूगलचे आठ आकडी बॅकअप कोड कागदावर छापून घरी कपाटात ठेवले आहेत. एका वेळी दहा मिळतात, एक कोड एकदाच चालतो.

रेस्टिकचा पासवर्ड त्याच जळालेल्या मशीनवरच्या एका नोटपॅडमध्ये होता. तालीम होती म्हणून हसलो. तो पासवर्ड हरवला तर रेस्टिक बनवणाराही तुमचा डेटा उघडून देऊ शकत नाही. कागदावर लिहा, दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत मालकाकडे द्या, कारण तुम्हीही एखाद्या दिवशी आजारी असाल.

टॅलीचं लायसन नव्या मशीनवर चालू करायला ईमेलचा पासवर्ड लागला. प्रिंटरचा ड्रायव्हर शोधावा लागला.

आणि मराठी फॉन्ट! जुनी पत्रं, करारनामे श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये होते. फायली धडधाकट परत आल्या, पण उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. फॉन्ट बॅकअपमध्ये घेतलेच नव्हते. मराठीत काम करणाऱ्याने हे आधी करावं.

डुप्लिकाटी वापरत असाल तर तिची ती खोड इथे भेटते. नव्या मशीनवर तिच्याकडे जुनी यादी नसते, त्यामुळे फायली परत देण्याआधी ती क्लाउडवरून यादी पुन्हा बांधते. डेटा मोठा असेल तर यातच बराच वेळ जातो. म्हणूनही तीन ढीग वेगळे हवेत. लहान ढिगाची यादी लगेच बांधून होते.

रिटर्न भरायची डिजिटल सही ज्या यूएसबी टोकनमध्ये असते, तिचा बॅकअप घेता येत नाही. तिची किल्ली टोकनच्या बाहेर निघतच नाही, तशीच ती बनवलेली असते. टोकन गेलं तर नवी सही काढावी लागते. म्हणून ते कॉम्प्युटरला कायम अडकवून ठेवू नका.

९. एक प्रत हाताशी, एक गावाबाहेर

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ३-२-१ चा नियम जगभर चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्याला त्यात वेगाचा फायदाही मिळतो. बाहेरच्या हार्डडिस्कवरून सेकंदाला साधारण १०० एमबी येतात, म्हणजे १०० जीबी पंधरा-वीस मिनिटांत. हेच इंटरनेटवरून तासन्‌तास. मशीन बिघडलं तर डिस्क कामाला येते. ऑफिसच गेलं तर क्लाउड.

ऑफिस जात नाही असं समजू नका. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात पाणी शिरलेल्या दुकानांत कॉम्प्युटर आणि त्याच्याच शेजारच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात भिजायची.

डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम लावलेली डिस्क व्हायरसला कॉम्प्युटरसारखीच उघडी असते. आणि क्लाउडवर जुन्या आवृत्त्या राखायची सोय असेल तर ती चालू करा.

फोटो स्टुडिओवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ सहज शे-दोनशे जीबी होतात. हे सगळं लगेच क्लाउडवर चढवायचा हट्ट धरू नका. दोन डिस्कवर त्याच रात्री उतरवा, एक स्टुडिओत, एक घरी. क्लाउडवर आधी निवडलेले फोटो, बाकीचं सवडीने. अल्बम हातात पडेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं पुसू नका.

१०. वहीत लिहा

मशीनशेजारी खिळ्याला टांगलेली वही. प्रत्येक तालमीला एक ओळ: तारीख, कोणता ढीग, किती जीबी, किती वेळ, काय अडलं. खाली क्लाउडच्या पैशांची पुढची तारीख आणि कार्डाची मुदत. कार्ड संपलं म्हणून पैसे कापले गेले नाहीत आणि खातं बंद पडलं, हा प्रकार हार्डडिस्क जाण्यापेक्षा शांतपणे होतो.

माझ्या वहीतली शेवटची ओळ अशी आहे. लाइन आता १०० एमबीपीएसची घेतली आहे. टॅली, दीड जीबी, ४ मिनिटं. चालू वर्ष, २० जीबी, ४० मिनिटं. जुने स्कॅन, झिप केलेले, १५० जीबी, ५ तास. शटर वर केल्यापासून पहिली पट्टी छापेपर्यंत ३५ मिनिटं, त्यातली २० फॉन्ट शोधण्यात. फॉन्ट आता विंडोजच्याच पेनड्राइव्हवर टाकले आहेत.